उजवे कोणाचे, डावे कोणाचे?
(डॉ. भाऊ दाजी लाड : एक चरित्र)

आमच्या धरणगावचे नाव निघाले की मागोमाग बालकवींचे नाव निघते, आणि ते साहजिकच आहे. १८९० साली ते येथे जन्मले. शिवाय कला शाखेच्या वार्षिकात कवीवर लिहावे ही रीतही जुनीच. तरी यंदा मी एका डॉक्टरांवर लिहायचे ठरविले. त्याला कारणे दोन. एक म्हणजे, मुंबईच्या या डॉक्टरांनी आपल्या खानदेशच्या वेशीवरील अजिंठ्याचे शिलालेख वाचले. आणि दुसरे असे की, वैद्यकाच्या वर्गात पाऊल टाकल्यावर आरंभीच त्यांच्यापुढे जे आले असेल ते होते काही शब्द. शब्दांची गोष्ट म्हटली की ती आपल्याच अंगणातली.

कोणते शब्द? वर, खाली, पुढे, मागे, आत, बाहेर, जवळ, लांब, उजवे, डावे. हे तर लहान मूलही बोलू लागताच शिकते, ते महाविद्यालयात जाऊन पुन्हा काय शिकायचे, असे कोणी विचारील. अजिंठ्याचेच उदाहरण घेऊ. जळगावाहून फर्दापूरमार्गे लेणी पाहायला जाणारी आपल्याकडची मंडळी पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे हमखास थबकतात. त्याच्या हातातले कमळ आपल्या डाव्या बाजूला दिसते. परंतु ते आहे त्याच्या उजव्या हातात. कमळ कोणत्या बाजूला आहे, असे विचारले तर दोन शहाणी माणसे दोन उत्तरे देतील, आणि दोघेही खोटे बोलत नसतील. चित्रापुरता हा घोळ चालून जातो. माणसाच्या देहावर सुरी चालवायची असेल तर चालत नाही. म्हणून शरीर शिकणाऱ्याला हे साधे दहा शब्द नव्याने शिकावे लागतात. डॉ. भाऊ दाजी लाड हे मराठी माणसांत ते पद्धतशीर शिकणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एक होत.

भाऊंचे खरे नाव रामचंद्र विठ्ठल लाड. दाजी हे वडिलांचे घरगुती नाव, आणि भाऊ हे त्यांचे स्वतःचे. याच नावाने ते जगाला माहीत झाले. गोव्याच्या पेडणे भागातील एका खेड्यात १८२२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती गरिबीची. लहानपणीच ते मुंबईला आले. त्यांच्या चरित्रात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. हा मुलगा बुद्धिबळात फार तल्लख होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना आग्रह केला, की याला इंग्रजी शिकवा. बुद्धिबळाचा पट दोन्ही बाजूंनी वाचता आल्याशिवाय तो खेळ जमत नाही. समोरच्याच्या हाताशी असलेला उजवा हत्ती आपल्याला डावीकडे दिसतो. पुढच्या आयुष्यात भाऊंना ज्याची गरज पडणार होती, त्याचा थोडा सराव या पटावर झाला असेल, असे मला वाटते.

एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी इंग्रजी विद्या मिळविली आणि तेथेच रसायन व पदार्थविज्ञान शिकविणारे शिक्षक म्हणून ते काम करू लागले. काठेवाड व कच्छ भागातील मुलींच्या हत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला सरकारी बक्षीस मिळाले. नोकरी बरी होती, नाव होऊ लागले होते. अशा वेळी, १८४५ साली, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. भाऊंनी शिक्षकाची खुर्ची सोडली आणि ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले.

या कॉलेजचा पूर्वेतिहास थोडा सांगायला हवा. मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली होती. ती १८३२ साली बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना उचलून धरली, पण १८३८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याच नावाने हे कॉलेज उभे राहिले, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून झालेले रुग्णालय त्याच्या शेजारी आले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य. ते एडिंबरो विद्यापीठाचे पदवीधर. शारीर व शस्त्रक्रिया हे विषय डॉ. जॉन पीट यांच्याकडे होते. शिक्षण सारे इंग्रजीतून. शारीर तेथे पुस्तकावरून शिकून भागत नसे, ते प्रत्यक्ष शवावर शिकायचे.

त्या काळी शवाला हात लावणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे. सोवळ्या-ओवळ्याच्या घरांत नुसता स्पर्श झाला तरी स्नान. १८३६ साली कलकत्त्याला पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले तेव्हा साऱ्या शहरात त्याचा गाजावाजा झाला होता. मुंबईच्या त्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते, पुढे प्रार्थना समाजामुळे प्रसिद्ध झालेले आत्माराम पांडुरंगही होते. ही मुले शवाच्या मेजाशी उभी राहिली, यातच एक धाडस होते. परंतु धाडसाच्या पुढची पायरी बुद्धीची होती, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मेजावर शव उताणे ठेवलेले असते. विद्यार्थी भोवती उभे. डोळ्यांना दिसते ते असे, की छाती वर आहे आणि पाठ खाली आहे. शास्त्र सांगते, तसे म्हणायचे नाही. छाती पुढे आहे, पाठ मागे आहे. वर आहे ते डोके, आणि खाली आहेत ती पावले, मग ती आडव्या मेजावर एका पातळीत का असेनात. कारण शब्द ठरविताना देह नेहमी एकाच अवस्थेत कल्पायचा असतो. तो ताठ उभा आहे, तोंड समोर आहे, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले आहेत, तळहात पुढे आहेत आणि अंगठे बाहेरच्या बाजूला आहेत. मग तो माणूस खाटेवर निजलेला असो, पालथा असो, की कुशीवर वळलेला असो, त्याचे वर-खाली बदलत नाही.

तळहात पुढे का, याचेही कारण आहे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात, एक अंगठ्याच्या बाजूचे आणि एक करंगळीच्या बाजूचे. तळहात पुढे असला की ती शेजारी शेजारी सरळ राहतात. तळहात मागे वळविला की अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावर आडवे येते. बाहेरचे कोणते आणि आतले कोणते, हे मग सांगता येत नाही. वाचकांनी आपल्याच हातावर हे करून पाहावे. पुढचा सारा व्यवहार या एका ठरावावर चालतो.

आता उजवे-डावे. मेजाच्या एका बाजूला उभा असलेला विद्यार्थी आणि समोरचा विद्यार्थी यांचे उजवे हात विरुद्ध दिशांना असतात. म्हणून नियम असा, की उजवे म्हणजे त्या देहाचे उजवे. पाहणाऱ्याचे उजवे-डावे हिशेबातच नाही. यकृत उजवीकडे म्हणजे रोग्याच्या उजवीकडे. पुस्तकातल्या चित्रात ते वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला येते, कारण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. देहाच्या मधोमध डोक्यापासून खाली एक रेषा कल्पायची. तिच्या जवळचे ते मध्याकडचे, तिच्यापासून लांबचे ते बाजूचे. याच न्यायाने डोळा नाकाच्या बाजूला आणि कानाच्या मध्याकडे येतो. आणि हातापायांच्या बाबतीत, धडाला जिथे ते जोडलेले आहेत तिथून मोजायचे. कोपर मनगटापेक्षा समीपस्थ, पण खांद्यापेक्षा दूरस्थ.

येथे आपल्याला आपली नातीच आठवावीत. एकच गृहस्थ कोणाचे काका, कोणाचे मामा, कोणाचे जावई असतात. नुसते काका म्हणून जगात कोणी नसते. तसेच शरीरात नुसते वरचे किंवा नुसते बाहेरचे असे काही नाही. कोणापेक्षा वर, कशाच्या बाहेर, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. आपल्या मराठीला हे मुळीच परके नाही. आपण बोलताना सबंध हाताला हात म्हणतो, पण दंड, कोपर, मनगट, तळहात हे वेगळे शब्द आपल्याजवळ आहेत. पायाला पाय म्हणतो, पण मांडी, पोटरी, घोटा, टाच, चवडा यांची गल्लत आपल्या खेड्यातली हाडवैद्याकडे जाणारी म्हातारीही करीत नाही.

हे शब्द नेमके व्हावेत यासाठी युरोपातही बरीच खटपट झाली होती. एडिंबरोला शारीर शिकविणारे जॉन बार्क्ले यांनी १८०३ साली केवळ स्थान आणि दिशा दाखविणाऱ्या शब्दांवर एक सबंध पुस्तक लिहिले. त्यांची अडचण अशी होती, की माणूस उभा असतो आणि घोडा आडवा. माणसाच्या बाबतीत पोट पुढे, घोड्याच्या बाबतीत पोट खाली. मग दोघांची तुलना करायची कशी? त्यांनी युक्ती काढली, की आकाश आणि जमीन यांच्या आधाराने बोलायचेच नाही. मानेच्या पहिल्या मणक्याकडचे, कमरेखालच्या त्रिकास्थीकडचे, छातीच्या हाडाकडचे, पाठीकडचे, अशी देहातल्याच खुणांवरून दिशांना नावे द्यायची. त्यांचे सगळे शब्द टिकले नाहीत. समीपस्थ आणि दूरस्थ या अर्थाचे त्यांचे दोन शब्द मात्र आज जगभरच्या वैद्यकात रोज वापरले जातात.

भाऊ दाजी १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच कॉलेजचे डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. शस्त्रक्रिया आणि अडलेल्या बाईची सुटका यांत भाऊंचा हात चांगला म्हणून लोक लांबून येत. प्रसूतीचे काम घ्या. आई निजलेली आहे, मूल पोटात उलटे आहे, डॉक्टर पायाशी उभा आहे. तिघांच्या वर-खालीचा मेळ नाही. ज्याने शब्द पक्के केले आहेत त्याचाच हात तेथे स्थिर राहतो.

कुष्ठरोग हा भाऊंच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय. हा रोग पुष्कळदा त्वचेवरच्या चट्ट्यातून आणि हातापायांच्या बधिरतेतून प्रकट होतो. उथळ काय आणि खोल काय, समीपस्थ काय आणि दूरस्थ काय, हे येथे शब्दाचे खेळ राहत नाहीत, रोगाची वाटच त्यांनी दाखविली जाते. भाऊंनी कडूकवठाच्या बियांच्या तेलाचा या रोगावर उपयोग करून पाहिला. त्यांचा औषधावरचा भरवसा जुन्या संस्कृत ग्रंथांच्या वाचनातून आला होता.

आणि येथेच भाऊ दाजींचे वेगळेपण आहे. नवी विद्या मिळाली म्हणून त्यांनी जुनी टाकली नाही. ते संस्कृत वैद्यकग्रंथ बारकाईने वाचीत. ज्या मधुसूदन गुप्तांचा उल्लेख वर आला, त्यांनीच १८३५-३६ मध्ये सुश्रुतसंहिता छापून प्रसिद्ध केली होती. त्या ग्रंथाच्या शारीरस्थानात प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, आणि मग हळूहळू घासून थरामागून थर पाहावा, अशी रीत सांगितली आहे. तेथे नाभीपासून निघणाऱ्या २४ धमन्या मानल्या आहेत. दहा वर जाणाऱ्या, दहा खाली जाणाऱ्या, चार तिरप्या. मर्मे १०७ मोजली आहेत, त्यांतली ४४ हातापायांत. आजच्या शारीराशी या धमन्यांचे वर्णन जुळत नाही. परंतु दिशा सांगायची तर आधी देहातच एक आरंभस्थान धरले पाहिजे, ही समज त्यात आहे. एडिंबरोच्या शास्त्रज्ञाने जे पुस्तक लिहून सांगितले, त्याची दुसरी बाजू आपल्याकडे नाभीत सापडते.

भाषेच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गंमत सांगतो. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवे, आणि दक्षिण म्हणजे एक दिशाही. पूर्व म्हणजे आधीचे, पुढचे. पश्चिम म्हणजे मागचे. उगवतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरून आपल्या दिशांची नावे पडली आहेत. देवाला प्रदक्षिणा घालताना आपण देवाला आपल्या उजव्या हाताला ठेवतो, तीच खूण त्या शब्दात आहे. भाऊ दाजींसारखा दोन्ही भाषा जाणणारा माणूस शवाच्या मेजाशी उभा असता त्याच्या कानांत हे दोन्ही अर्थ वाजत असतील, असे मानायला हरकत नाही.

याच दुहेरी विद्येने ते अजिंठ्याकडे वळले. लेण्यांच्या भिंतींवरील लेख झिजलेले, फुटलेले, काही ठिकाणी अक्षरे अर्धीच उरलेली. भाऊंनी त्यांचे वाचन करून १८६३ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडले. सोळाव्या लेण्यातील लेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे आणि हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याच्या दानाची हकीकत आहे. वाकाटकांचे अजिंठ्याशी असलेले नाते पुढे आणण्यात भाऊंच्या त्या वाचनाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या वाचनात काही दुरुस्त्या पुढे ब्यूलर यांनी आणि आपल्या महाराष्ट्रातील वा. वि. मिराशी यांनी केल्या, आणि विद्येत असेच व्हायचे. फुटक्या ओळीतले अर्धे अक्षर कोणते, हे त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरवावे लागते. रक्तवाहिनी कोणती, हे तिच्या आतबाहेर काय आहे यावरून ठरविण्याची सवय ज्या हाताला लागली होती, त्यानेच हे लेख वाचले. आर्यभट, वराहमिहिर, कालिदास यांच्या काळाविषयीचे त्यांचे निबंधही त्याच दशकातले.

सार्वजनिक कामांत ते मागे नव्हते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी ते एक होते. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी पैसा आणि श्रम दोन्ही खर्चिले. १८६२ सालच्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात प्रतिष्ठितांच्या रोषाची पर्वा न करता त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. १८६९ आणि १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशच्या पेठांनाही त्याची झळाळी लागली, आणि मुंबईत शेअरांचे वेड पसरले. १८६५ साली तो फुगा फुटला तेव्हा भाऊंचीही मिळकत त्यात गेली. तरी त्यांचा दवाखाना आणि अभ्यास थांबला नाही. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी झटून वर्गणी जमविली, त्या राणीच्या बागेतील संग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

भाऊ दाजी ज्या कॉलेजातून बाहेर पडले, तेथे १८६१ साली मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले. देहाचे हे शब्द आपल्या भाषेत आणण्याची खटपट तेव्हापासूनची आहे. जगातही १८९५ साली शारीरशास्त्रज्ञांनी एकत्र बसून नावांचा पसारा आवरला, आणि एका अवयवाला एक नाव असे धोरण ठरविले. इतके होऊनही चुकीच्या बाजूवर शस्त्रक्रिया होण्याचा धोका जगातून गेला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वीची एक तपासणी-यादी काढली. सुरी लावण्याआधी बाजू आणि जागा यांची खूण केलेली आहे की नाही, हे तिच्यात विचारायचे असते. २०२२ साली मध्य प्रदेशात वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत निघाली, त्यांत शारीराचेही आहे. मूळ इंग्रजी संज्ञा तशाच ठेवाव्यात की अग्र, पश्च, पार्श्व, अभिमध्य असे शब्द रुळवावेत, हा वाद तेथे आहे आणि आपल्याकडेही होणार आहे.

या वादात आपण भाषेचे विद्यार्थी नुसते प्रेक्षक नाही. शब्द लॅटिन असो की संस्कृत, तो डॉक्टर आणि डॉक्टर यांच्यात चालेल. परंतु रोगी दवाखान्यात येऊन सांगतो, की इथे, या अंगाला दुखते, वरून कळ येते आणि खाली जाते. त्याचे वर-खाली आणि शास्त्राचे वर-खाली यांची सांधेजोड कोणीतरी करावी लागते. भाऊ दाजींना दोन्ही बाजू येत होत्या. त्यांनी जो पहिला धडा गिरविला तो हाच, की समोरच्या देहाचे उजवे हे आपल्या उजव्यावरून ठरवू नये. हा धडा डॉक्टरांसाठी लिहिलेला आहे खरा. इतिहास लिहिणाऱ्याने, शिक्षकाने आणि निवाडा देणाऱ्यानेही तो एकदा गिरवून पाहायला हरकत नाही.